चौथी वाट

जावयानं कसं वागावं हे हरणाबाईला कुणी विचारलं असतं, तर उंबऱ्यात बसून तिनं दिवस मावळेपर्यंत सांगितलं असतं. पण विचारतंय कोण? जयराज तर नाहीच. जयराज जेवायला बसला की भाकरीकडं बघायचा नाही, भिंतीवरल्या नेटच्या पेटीच्या दिव्यांकडं बघायचा. माणूस खोलीतनं उठला की त्याच्या पाठोपाठ जाऊन पंखा बंद करायचा. फटफटीवर जाताना उन्हाची झळ नको म्हणून तिच्या लेकाचं, तानाजीचं, मिलिटरीचं ठिपक्याठिपक्यांचं जाकीट खिळ्यावरनं काढून खुशाल अंगात घालायचा, जणू सरहद्दीवर हाच उभा होता. सासूला 'आई' म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. 'मामी' म्हणायचा, तेही तलाठ्यानं सातबाऱ्यासाठी पुकारा करावा तसं. आणि गरजेला फोन लावावा, तर ह्याचा फोन कायम मेलेला. घरजावई तो घरजावई, आणि वर हा तोरा.

हे सगळं तिनं गिळलं होतं. एक गोष्ट तेवढी घशाखाली उतरत नव्हती. तानाजीचा फोन ह्या माणसानं सगळ्यात शेवटच्या वाटेला लावला होता.

हरणाबाईची वस्ती तासगावच्या पूर्वेला, द्राक्षबागांची हिरवी रांग संपून माळ सुरू होतो तिथं. ती नवरी होऊन आली तेव्हा तिथं घर नव्हतं. मेंढरं होती, घोडं होतं, आणि मेंढरांभोवती ताणायची वाघर होती, दोरखंडाची जाळी. पुढं पाणी आलं, बाग आली, बागेमागनं बेदाण्याचं शेड आलं. नवरा गेला. तानाजी पलटणीत गेला. लेक सोनिया साताऱ्याला दिली होती, ती जावयाच्या कारखान्याला टाळं लागल्यावर नवऱ्यासकट परत आली, आणि आता पहिलटकरीण होऊन माहेरच्या पलंगावर पाय लांब करून बसली होती. वस्तीवर धडधाकट गडी म्हणून उरला तो जयराज. साताऱ्यात तो कारखान्यातली कॉम्प्युटरची कामं बघायचा. इथं आल्यावर त्यानं बेदाण्याच्या शेडात तारा ओढल्या.

धंदा आता तसाच झाला होता. शेडात रॅकच्या जाळ्यांवर बेदाणा सुकतोय, खाली बायका निवडायला बसल्यात, आणि लांबचा व्यापारी आपल्या गादीवर लोळत फोनमध्ये ते सगळं बघतोय आणि भाव बोलतोय. बोलता बोलता चित्र अडकलं की सौदा हातचा गेला.

पेटी भिंतीवर ठोकली त्या दिवशी जयराजनं सासूला समोर बसवून समजावून सांगितलं होतं.

"मामी, आपल्याकडं नेट यायच्या तीन वाटा आहेत. एक फायबर. भरवशाचं, पण ठरल्यापेक्षा जास्त वापरलं की जादा बिल. दुसरी टॉवरवरनं हवेतनं येती. स्वस्त, पण वारं सुटलं की बसती. तिसरं सिमकार्ड. दिवसाचा वाटा संपला की संपला. सगळा भार एकीवर टाकला की बिल फुगतं. म्हणून ही पेटी. कोण कुठल्या वाटेनं जाईल, ते ही ठरवणार."

"एवढंच व्हय?" हरणाबाई म्हणाली. "मला वाटलं, लय मोटी इद्या हाय. आवं, ही मेंढरं चारायची अक्कल. माजी सासू कळप तीन वाटांनी सोडायची. पाजत्या मेंढ्या चांगल्या कुरणात, तितं पैसं मोजावं लागायचं. बाकीची वळखीच्या शेतातल्या धसकाटात. आन् भाकड हुती ती बांधाच्या काट्याकुट्यात, उरंल ते खात. ह्यात तुमी नवं काय केलंत?"

"तेच की. सौदा फायबरवर. कॅमेरे टॉवरवर."

"आन् घरचं बोलनं?"

जयराज स्क्रू आवळत राहिला. "सिमवर. तिथं उरेल त्यात."

"म्हंजी माजा ल्योक भाकडात."

"मामी, बेदाणा विकला तर घर चालणार..."

"बर्फात हुबा ऱ्हातुया त्यो. महिन्यातनं कवातरी त्येला खाली फोनापाशी यायला गावतंय. त्येचं तोंड मला चिरगूट फाटल्यागत दिसतंय, आन् तुमच्या बेदान्याचं मातर आरशागत!"

जयराजनं पेटी चालू केली. पेटीला चार भोकं होती, प्रत्येक भोकावर एक दिवा. तीन हिरवे लागले. चौथं भोक रिकामं होतं, तिथला दिवा विझलेला.

मग उन्हाळा टिपेला आला. माळ नुसता तव्यागत तापलेला. शेडात बेदाण्याला गंधकाची धुरी दिली की तिचा वास दुपारभर घरात येऊन बसायचा. अशाच एका दुपारी सोनियाचा टॅब वाजला, आणि तानाजी दिसला. असा लख्ख, की त्याच्या भुवईवरला लहानपणी शिंग लागल्याचा व्रणसुद्धा मोजक्या टाक्यांसकट दिसला. मागं पांढरा बर्फ. चित्र थरथरलं नाही, आवाज तुटला नाही.

"आई, कशी हाईस?"

हरणाबाईनं पदर डोळ्याला लावला आणि सगळं सांगितलं. बागेचं, सोनियाचं, जावयाचं तर सविस्तर. तो शांतपणे ऐकत होता. मधे बोलत नव्हता. तिचं संपल्यावर म्हणाला, "आई, घरात आता कोन कोन हाय?"

फोन संपला तेव्हा जयराज शेडातनं आला होता आणि पेटीपुढं उभा होता. चौथा दिवा लागला होता.

"मामी, ह्यात तार कुणी घातली होती?"

"मी कशाला मराय हात लावू तुमच्या पेटीला?"

त्यानं वाकून बघितलं. चौथ्या भोकात काही नव्हतं. त्यानं बोट घातलं, चटकन काढलं आणि पॅंटला पुसलं.

"काय झालं?"

"काय नाही. गार लागलं."

तो बराच वेळ टॅबवर खुडबुडत बसला. घरचं सगळं बोलणं पेटीनं आपणहून त्या चौथ्या वाटेला लावलं होतं. तिला शिकवलंच होतं तसं, जी वाट स्वस्त असेल ती आधी धर. आणि ही वाट कुणाची होती ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. खर्चाच्या जागी काहीच येत नव्हतं.

"कुणाचं तरी चुकून आपल्यात आलंय," तो शेवटी म्हणाला. चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "येतंय तोवर येऊ दे."

हरणाबाईच्या मनात सासू उभी राहिली.

सासू सांगायची. तीन वाटांनी गेलेली मेंढरं दिवस कलला की तळावर एक व्हायची. ती मोजायची नसतात, मोजली की दृष्ट लागते. नजरेनंच ओळखायची. कधी त्यात एखादं वाढतं, जास्तीचं, यायचं. दुसऱ्या कळपातलं चुकार असलं तर कानाची खूण बघून ज्याचं त्याला द्यायचं. पण जी वाट आपण धरलीच नव्हती, तिथनं आलेलं वाढतं निराळं. ते आपल्या मेंढरापेक्षा जास्त आपलं दिसतं. गरीब असतं. ओरडत नाही, मागं राहत नाही. त्याला काठी मारायची नाही की दगड हाणायचा नाही. तळावरल्या थोरल्या बाईनं वाघरीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि त्याच्या तोंडावर बोलायचं, "वाट तुजी तुला, वाघर आमची आमाला. तू आमच्यातलं न्हवं." मग त्याला वाघर दिसत नाही. पण हे बोल एका बाईला जन्मात एकदाच. म्हणून आधी तोंड बघायचं, मग बोलायचं. नुसती लोकर बघून बोलायचं नाही.

"आन् न्हाई बोललं तर?" नव्या नवरीनं विचारलं होतं.

"तर ते ऱ्हातंय," सासू म्हणाली होती. "आन् तुजं एक जातंय."

फुकटचं कुरण दिसलं की मेंढरू थांबत नाही, मेंढक्यानं थांबावं. हे जावयाच्या तोंडावर फेकायला हरणाबाईच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण भुवईवरला तो व्रण तिनं आत्ताच बघितला होता. 

तानाजीचा फोन मग रोज यायला लागला. रजा मिळतीया, येतो, असंही तो एकदा म्हणाला.

जयराजनं हळूहळू कॅमेरेही चौथ्या वाटेवर टाकले. फुकट ते फुकट. हरणाबाईला शेडावर जायचा कंटाळा आला की ती टॅबमध्ये बायकांवर नजर ठेवायची, कोण हात चालवतंय आणि कोण तोंड. एकदा तिला ओळीच्या शेवटी एक बाई दिसली. कॅमेऱ्याकडं पाठ, डोक्यावर पदर, आणि हात असे झपाझप चाललेले, की बाकीच्या तिच्यापुढं गोगलगायी वाटाव्यात. अशी कामाची बाई कुणी आणली ते बघावं म्हणून ती चप्पल घालून शेडात गेली.

आत बेदाण्याचा गोड आंबूस वास भरलेला. बायका ओळीनं बसलेल्या. शेवटी कुणी नव्हतं. पण बायकांनी तिथं माणूसभर जागा सोडली होती.

"हितं कोन बसलं व्हतं गं?"

"कोन न्हाई की काकू," अर्जुना म्हणाली. ती मजुरांतली जुनी बाई, खोटं बोलायची गरज नसलेली.

"मग सरकून का बसलायसा?"

अर्जुनानं त्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं. "आपसूकच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून तिनं दुसऱ्या शेडावर काम धरलं.

कुत्र्यानंही घर सोडलं. ते गेटाबाहेर रस्त्यावर जाऊन पडायचं. भाकरी टाकली तर गेटाबाहेरनंच मान लांबवून ओढून न्यायचं.

आणि एक दुपार. हरणाबाई मधल्या घरात जमिनीवर आडवी झाली होती. समोर निळी भिंत, भिंतीवर खिळा, खिळ्याला जाकीट. जयराज आत आला. दोन्ही हातांनी तांब्या धरलेला.

"आई, पानी."

ती उठून बसली. पाणी प्याली. रांजणातलं नव्हे, पार विहिरीच्या तळातलं असावं इतकं गार होतं. जयराज उभाच होता, मान खाली घालून, सासूपुढं जावयानं उभं राहावं तसा. हरणाबाईला वाटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. तिनं तांब्या परत दिला. तो आतल्या खोलीकडं गेला.

ती पुन्हा आडवी होतेय न होतेय, तोच बाहेर फटफटी थांबली. जयराज दारातनं आत आला, घामानं निथळत. तिच्याकडं न बघता त्यानं व्हरांड्यातला जळत राहिलेला दिवा बंद केला.

"मामी, गंधक संपलंय शेडात."

"आत्ता तर आत गेलता तुमी."

"मी? सकाळपासनं शेडावरच आहे."

ऊन माणसाला काहीही दाखवतं, हे तिला ठाऊक होतं.  पण आतल्या खोलीत जाऊन बघून आली. तिथं सोनिया झोपली होती, आणि तिच्या पायांवर कुणीतरी नीट पांघरूण घातलं होतं.

मग त्या आठवड्यात तिचा जुना बटणांचा फोन वाजला. हा फोन ती कनवटीला खोचून ठेवायची. त्याचा पेटीशी, तारांशी काही संबंध नव्हता.

"आये! आये, ऐकू येतंय का गं?"

आवाज खरखरत होता, वाऱ्यात तुटत होता. पण "आये" म्हणणारा होता. तानाजी तिला जन्मल्यापासनं आयेच म्हणत आला होता. तिला एकदम कळलं, की गेल्या कित्येक दिवसांत तिनं ही हाक ऐकलीच नव्हती.

"लय दिस झालं, तुमचा फोनच लागंना. सोनीचं बरं हाय न्हवं?"

"आरं, कालच तर बोललास की माज्यासंगं."



"काल मी वरच्या चौकीवर व्हतो, आये. तितं कुटला फोन?"

"आन् तुजी रजा? येतो म्हनलास की."

"रजा?" तानाजी म्हणाला. "आये, रजा दिवाळीशिवाय न्हाई. कुनी सांगितलं तुला?"

ती काही सांगायच्या आत फोन तुटला.

हरणाबाई उठली. सोनियाला काही कळू द्यायचं नव्हतं. पहिलटकरणीच्या कानावर असलं घालत नाहीत. ती सरळ पेटीपाशी गेली, तिथं जयराज बसला होता.

"काडा ही पेटी."

"मामी, सौदा चाललाय..."

"सौदा गेला खड्ड्यात. माज्या लेकाचं तोंड घिऊन कोनतरी रोज माज्यासंगं बोलतंय. घरात कोन कोन हाय म्हनून इचारतंय. आन् मी येडी, सगळं सांगून बसलीया. तुमची ती फुकटची वाट बंद करा."

"पैसे वाचतात ते काय माझ्या खिशात जातात का?" जयराजचा आवाज पहिल्यांदा चढला. "सकाळपासनं मरतो शेडात. तुमच्यासाठी, तुमच्या लेकीसाठी. एक शब्द गोड नाही तुमच्या तोंडात."

"फुकट खानाऱ्याला फुकटचंच गोड लागतंय."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते जास्त वाटलं. जयराजचं तोंड पांढरं पडलं. तो उठला आणि एकेक तार उपटायला लागला. फायबरची काढली, पहिला दिवा विझला. टॉवरची काढली, दुसरा विझला. मग पेटीच्या पोटातनं त्यानं नखाएवढं सिमकार्ड काढलं. तिसरा विझला. शेवटी भिंतीतला प्लग ओढला.

चौथा दिवा जळतच राहिला. हिरवा, शांत.

 मग जयराजनं खिशातनं आपला मेलेला फोन काढला, मागचं झाकण उघडलं आणि ते सिमकार्ड त्यात बसवलं.

"हे माझं कार्ड होतं मामी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "तिसरी वाट घ्यायला तुमच्या लेकीनं नको म्हटलं होतं, खर्च नको म्हणाली. पण तानाजीदादांचा फोन यायला काहीतरी पाहिजे होतं. म्हणून माझं घातलं."

हरणाबाई उभीच राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. वाईट बोलायचं झालं तर तिच्याकडं पोतंभर शब्द होते. चांगलं बोलायला तोंड कुठनं सुरू करायचं, ते तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जयराजनं पेटी टॉवेलात गुंडाळली. दिवा टॉवेलातनंही दिसत होता. "साताऱ्यात ज्यानं विकली, त्याच्या गळ्यात मारून येतो," तो म्हणाला. खिळ्यावरनं जाकीट काढून त्यानं अंगात घातलं, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि फटफटीला किक मारली. हरणाबाईनं ह्या वेळी जाकिटावरनं काही म्हटलं नाही. तेवढंच तिच्याच्यानं झालं.

घरात आता नेट नव्हतं. पेटी नव्हती, तारा भिंतीला लोंबत होत्या. दुपार भरात आली, सोनिया आत डोळा लागून पडली होती, आणि पलंगावरचा टॅब वाजला.

तानाजी होता. हसरा. व्रणासकट.

"आई, साताऱ्यात हाय मी. तितनं गाडी गावली. पोचतोच. गेट उघडं ठिव."

हरणाबाईनं टॅब पालथा घातला. पण त्याआधी तिला दिसलं, की आज त्याच्यामागं बर्फ नव्हता. निळी भिंत होती, आणि भिंतीवर एक रिकामा खिळा. कुठंतरी बघितल्यासारखा वाटला तो खिळा. विचार करायला वेळ नव्हता. येणारं होतं ते येत होतं, आणि आत तिची लेक होती, पोटात बाळ घेऊन.

तिनं पदर खोचला आणि गेटात जाऊन उभी राहिली. तळावरली थोरली बाई आता तीच होती.

माळावर ऊन वितळत होतं. रस्ता पाण्यागत हलत होता. कुत्रं गेटाबाहेर पडलेलं, त्यानं मान वर केली आणि शेपटी हलवली. ते तिनं बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

धुळीतनं एक माणूस चालत आला. फटफटी नाही, काही नाही. अंगात मिलिटरीचं जाकीट, तोंड झाकलेलं, मागनं ऊन. खांदे तानाजीगत. तो गेटाकडं वळला.

 तिचा आवाज खणखणीत निघाला.

"वाट तुजी तुला, वाघर आमची आमाला. तू आमच्यातलं न्हवं."

माणूस थबकला.

त्यानं उपरणं सोडलं.

"मामी?" जयराज म्हणाला. "येताना गाडी पंक्चर झाली, वळणावर लावून आलोय. काय म्हणालात?"

हरणाबाईनं हात पुढं केला.

जयराजनं तो धरला नाही. तो तिच्याकडं बघत होता, मग तिच्या थोडं बाजूला, मग तिच्या आरपार. डोळ्यांवर हात धरून त्यानं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, भर बाजारात लहान मुलाचा हात सुटावा तसा.

"मामी?"

त्याच वेळी तिच्या पाठीमागनं, घरातनं, आवाज आला.

"आई, चहा झालाय. उनात का हुबी?"

ती वळली.

दारात जयराज उभा होता. अंगात धुतलेला सदरा, दोन्ही हातांनी कपबशी धरलेली, मान खाली. त्याच्यामागं निळी भिंत आणि रिकामा खिळा. आत सोनिया जागी झाली होती आणि कशाला तरी हसत होती. तसं ती माहेरी आल्यापासनं हसली नव्हती.

हरणाबाईनं तोंड उघडलं.

"त्ये एकदाच म्हनत्यात न्हवं, आई?" तो हळूच म्हणाला. त्यात धमकी नव्हती. काळजी होती.

तिचं तोंड मिटलं.

कनवटीचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला. गेटाबाहेर, दोन हातांवर, जयराजनं आपला फोन कानाला लावला होता. त्याचे ओठ हलले, आणि आवाज तिच्या कानात आला.

"मामी, गेट कुठं गेलं? मी इथंच आहे. बाग दिसती, कुत्रं दिसतंय. मधे नुसता माळ आहे मामी. घरच नाही. सोनियाला हाक मारा की. मामी, ऐकू येतंय का?"

कुत्रं त्याच्या पायाशी जाऊन बसलं होतं.

"कुनाचा फोन, आई?" दारातनं विचारणा झाली. कपबशीतला चहा जराही हलला नव्हता, आणि त्याला वाफ नव्हती.

हरणाबाईनं गेटाबाहेरल्या माणसाकडं तोंड केलं. लोकर बघून नाही, तोंड बघून. उन्हानं रापलेलं, घामेजलेलं, दाढी वाढलेलं तोंड. मग फोनात, मोठ्यानं, दारातल्यालाही ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"जावईबापू, मानूस चांगला व्हता तुमी."